पद्मिनीतून वेंगुर्ल्याला, बिस्किटाच्या डब्यासह

पहिला दिवस : पुणे, नाना पेठ

नाना पेठेत जुन्या गाडीचा भाग मागायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "नमुना आणलाय का?" नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच बुशला, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या धातूच्या नळीला, तीन दुकानांत तीन नावं असतात. झिजलेला भाग काउंटरवर ठेवायचा. दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो, बोटानं चाचपतो आणि मग माळ्यावरच्या पोराला हाक मारतो.

म्हणून बाबांच्या काखेत तो डबा होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. गाडीतून निघालेला प्रत्येक भाग त्यात जातो आणि प्रत्येकाला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली असते : तारीख, मीटरचा आकडा, का काढला. लहानपणी मला तो अडगळीचा वाटायचा. या प्रवासानंतर मी तो डबा कुणाला हलवूही देणार नाही.

गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी, फिकट निळी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग सीट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. बाबांनी ती पाहिली. इंजिन १०८९ सीसीचं, मुळात इटलीच्या फियाट ११०० चं. पद्मिनी हे नाव गाडीला १९७४ मध्ये मिळालं, यंत्र मात्र तेच राहिलं. दर मे महिन्यात आम्ही हिच्यातून वेंगुर्ल्याला जायचो. मधली बारा वर्षं गेलो नव्हतो. यंदा आरटीओत तपासणी होऊन नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली आणि त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "फेब्रुवारीत जाऊन येऊ. पुढच्या पाच वर्षांचं कोणी सांगितलंय?" बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. आमच्या गाडीला त्याला अजून अवकाश आहे, तोवर तिला साध्या गाडीसारखंच धडधाकट राहायचं आहे.

मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर भागांची ददात नव्हती. हजारो टॅक्सींना रोज काही ना काही लागायचं, म्हणून बनवणारे बनवत होते. ऑक्टोबर २०२३ अखेर त्यातली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता दुकानात मिळतो तो एक तर जुना पडून राहिलेला माल, नाही तर कुठल्या तरी छोट्या कारखान्यात नमुन्यावरून केलेला नवा.

आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा, कारण जुना कडक झाला होता. आणि किंगपिनचा संच. पुढची चाकं ज्या खुंटीभोवती वळतात ती खुंटी म्हणजे किंगपिन. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरत होतं. एका गॅरेजवाल्यानं मागे ते चाकाच्या बेअरिंगमुळे होतंय म्हणून बेअरिंग बदलून दिली होती, पण थरथर गेली नाही. बाबांना संशय किंगपिनचाच होता.

किंगपिनचा संच मिळाला. पडदा मिळाला तो सीलबंद पाकिटातला. कागद पिवळा पडलेला, छपाई जुन्या वळणाची. "ओरिजिनल आहे काका, जुना स्टॉक. शेवटचे दोन राहिलेत," दुकानदार म्हणाला. बाबांचा चेहरा खुलला. शेजारीच नव्यानं बनवलेला पडदा होता, निम्म्या किमतीत. त्याकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये पडदा बसवला आणि कडक झालेला जुना डब्यात गेला. चिठ्ठीवर बाबांनी लिहिलं : "कडक, पण फाटलेला नाही."

दुसरा दिवस : पुणे ते कोल्हापूर

पहाटे साडेपाचला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत अंधार होता आणि पद्मिनीचे दिवे आजच्या गाड्यांसमोर समईसारखे वाटतात, म्हणून शिरवळपर्यंत अगदी डाव्या कडेनं. खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. पाण्याच्या तापमानाचा काटा मधे जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. रेडिएटर दिवाळीतच धुऊन घेतला होता, त्याचं चीज झालं.

उतारावर मात्र वेग साठला टेकला आणि स्टिअरिंग माझ्या हातात असं थडथडलं की दात वाजले. सुरूर फाट्याच्या पुढे झाडाखाली गाडी घेतली. बाबांनी जॅक लावायला सांगितला.

त्यानंतरची पाच मिनिटं मी लक्षात ठेवलीत, कारण ज्याच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्याला ती कधी ना कधी लागतील. पुढचं चाक जमिनीवरून उचलायचं. एक हात चाकाच्या माथ्यावर, दुसरा तळाशी, आणि चाक आतबाहेर हलवायचं. खटखट आवाज आला म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. पण प्ले बेअरिंगमध्ये की किंगपिनमध्ये? आता दुसऱ्यानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि चाक पुन्हा हलवायचं. ब्रेकनं चाक आणि त्यामागचा स्टब एक्सल (ज्या आखूड दांड्यावर चाक फिरतं तो) एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे बेअरिंगमधला प्ले नाहीसा होतो. तरीही खटखट राहिली तर दोष त्याच्या आत, किंगपिनमध्ये.

मी ब्रेक दाबला. बाबांनी चाक हलवलं. खट्. दुसऱ्या बाजूलाही खट्.

"बेअरिंग बिचारी उगाच गेली," बाबा म्हणाले आणि हात पुसले.

पुढचा रस्ता पन्नासच्या आत. साताऱ्यात चहा, कराडला जेवण, कोल्हापुरात पोचायला दुपारचे चार वाजले.

तिसरा दिवस : कोल्हापूर, उद्यमनगर

शिवाजी उद्यमनगरात सकाळी नऊला शिरलात तर आधी आवाज येतो, मग वास. लेथवर कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा आणि त्यावर ओतल्या जाणाऱ्या कूलंटचा वास. उसाच्या शेतीला पंपाची इंजिनं लागली, गुऱ्हाळांना चरक लागले, त्यांची दुरुस्ती करता करता या गावानं फौंड्र्या उभ्या केल्या. विकत मिळत नाही ते बनवायचं ही इथली सवय जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरासुद्धा याच गावात तयार केला. आम्हाला तर फक्त चार बुश हवे होते.

ज्यांच्याकडे गेलो ते लेथवाले काका साठीचे असतील. डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. आमचा नवा संच त्यांनी उघडला. पिन मायक्रोमीटरमध्ये धरली, दोन-तीन ठिकाणी मोजली, मान डोलावली. मग बुश हातात घेतला आणि लगेच बाजूला ठेवला.

"पिन चांगली हाय. बुश न्हाई चालायचा, काका."

"का?"

"घर बघू आधी."

एक्सल उतरवायला आणि जुन्या पिना ठोकून काढायला दुपार झाली. उजवीकडची पिन निघता निघेना, तिला पाठीमागून गरम करावं लागलं. स्टब एक्सल टेबलावर आले तेव्हा त्यांनी जुने बुश प्रेसवर ढकलून काढले आणि बुशच्या रिकाम्या घरात, म्हणजे बुश ज्या भोकात दाबून बसतो त्यात, आतलं मायक्रोमीटर घातलं. मी विचारलं, जुना बुश समोर आहे तर त्याच्यावरूनच माप का घेत नाही?

"ताई, बुशचं माप बुशवर न्हाई, घरात अस्तंय," ते म्हणाले. "ह्यो आतनं झिजलाय, भाएरनं दाबलाय. ह्येच्यावरनं क्येला तर झिजलेलाच हुईल नवा."

उजव्या बाजूचं वरचं घर दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठं निघालं. म्हणजे तयार बुश तिथे दाबूनही सैल राहिला असता, महिनाभरात फिरू लागला असता आणि घरच खाऊन टाकलं असतं. त्यांनी गनमेटलचा दांडा लावला आणि प्रत्येक घराच्या मापानं वेगळा बुश कातायला घेतला. पिवळे कुरळे तुकडे खाली पडत होते.

तेवढ्यात बाबांनी जुना बुश उचलला आणि नेहमीच्या सवयीनं डब्यात टाकण्याआधी उजेडात धरला. बराच वेळ धरून राहिले. मग लेथवाल्या काकांना म्हणाले, "हे भोक बघा हो."

बुशला एक बारीक भोक असतं. बाहेरच्या निपलमधून मारलेलं ग्रीस त्यातून आत जातं आणि आतल्या खाचेतून पिनभर पसरतं. आमच्या बुशचं भोक निपलच्या समोर नव्हतंच. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बुश बसवताना तो फिरवून बसवला गेला होता. निपलमागे बुशची भरीव भिंत होती. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"दर महिन्याला मी ग्रीस मारत होतो," बाबा म्हणाले. "पहिल्या रविवारी. खाली आडवा होऊन."

कोणी काही बोललं नाही. ग्रीस घराच्या कडेनं बाहेर येत होतं, आम्हाला वाटायचं भरलं. आतली पिन चार वर्षं कोरडी फिरत होती. मला त्यांचा तो रविवार आठवला : जुनी सतरंजी, ग्रीस गन, गुडघा दुखतोय म्हणून मधे थांबणं. लेथवाल्या काकांनी दोन्ही जुने बुश हातात घेतले, अंगठा आतून फिरवला आणि म्हणाले, "काका, तुमी मारलंय म्हणून भाएरची धूळ तरी आत गेली न्हाई. न्हाईतर पिनच तुटली अस्ती." ते खरंच होतं की बाबांचं मन राखायला ते बोलले, मला सांगता येणार नाही. बाबांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.

नवे बुश दाबताना भोक आणि निपल समोरासमोर आहे का हे बाबांनी स्वतः तार घालून पाहिलं. चारही वेळा. नंतर वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरनं, म्हणजे भोक कातून नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्यारानं, एकदम साफ केले, म्हणजे दोघांची रेषा एक राहते. वेगवेगळे केले तर पिन तिरकी अडकते. शेवटी पिन तेल लावून आत घातली. लेथवाल्या काकांची कसोटी साधी होती : पिन अंगठ्याच्या जोरानं सरकली पाहिजे, पण सोडली तर आपल्या वजनानं खाली पडता कामा नये. ती सरकली आणि थांबली.

ग्रीस मारल्यावर ते चारही बुशांच्या कडेनं गोल, सारखं, आतून बाहेर आलं. बाबा वाकून पाहत होते. चाकांचं अलाइनमेंट होईपर्यंत दिवे लागले. रात्री पांढरा रस्सा पिताना ते एकदाच बोलले, "उद्या स्टिअरिंग मी धरणार."

चौथा दिवस : कोल्हापूर ते वेंगुर्ले

त्यांनीच धरलं, राधानगरीपर्यंत. सत्तरला गाडी सरळ रेषेत चालली आणि बाबांनी स्टिअरिंगवरून दोन्ही हात क्षणभर, बोटभर उचलून दाखवले.

राधानगरी धरणापाशी थांबलो. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण. त्याचे सात दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्याच भारानं आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. फेब्रुवारीत ते मिटलेलेच होते. तरी बाबा कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले.

दाजीपूरच्या जंगलातून पुढे फोंडा घाट. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. डिस्क ब्रेक वाऱ्यावर उघडा असतो, ड्रममधली उष्णता मात्र आतच कोंडते. उतारावर सतत पाय ठेवला की लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबायला तयार होत नाही. म्हणून नियम एकच, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं. मी दुसरा गिअर टाकला आणि इंजिनवर गाडी धरली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. अर्ध्या घाटात लायनरचा जळका वास आलाच. एका रुंद वळणावर वीस मिनिटं थांबलो. एक ट्रकवाला दयेनं बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतायला निघाला होता, बाबांनी त्याचा हात धरला. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. तो आपला आपण निवू द्यायचा.

कणकवली, कुडाळ, मठ. दिवेलागणीला घराच्या पाणंदीत शिरलो. आत्या खळ्यात उभी होती. "अरे, हीच गाडी घेवन इलंस मरे!" म्हणाली आणि भावाच्या आधी बॉनेटला हात लावला.

पाचवा दिवस : वेंगुर्ले

बांगडे, सोलकढी, झोप. संध्याकाळी बंदरावर जाऊन आलो. गाडी समुद्राकडे नेली नाही, खारा वारा पत्र्याच्या सांध्यांत बसतो. मांगराच्या सावलीत उभी करून विहिरीच्या पाण्यानं तिचं पोट धुतलं.

सहावा दिवस : वेंगुर्ले ते कोल्हापूर, आंबोलीमार्गे

सकाळी निघायचं ठरलं होतं. आत्यानं जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे दाणोली सोडून घाट लागला तेव्हा ऐन दुपार होती. चौथ्या-पाचव्या वळणावर इंजिन गचके देऊ लागलं आणि बंद पडलं.

पद्मिनीवाल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. उन्हात, चढावर तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. उपाय : ओला फडका पंपावर. फडका टाकला, पंधरा मिनिटं बसलो, गाडी चालू झाली. दोन वळणं गेली आणि पुन्हा बंद. पुन्हा फडका. या वेळी मी वाकले तेव्हा पेट्रोलचा वास आला आणि पंपाच्या पोटाशी असलेल्या बारीक छिद्रातून थेंब गळताना दिसला.

ते छिद्र त्याचसाठी ठेवलेलं असतं. तिथून पेट्रोल आलं म्हणजे आतला पडदा फाटला.

पाच दिवसांपूर्वी बसवलेला. सीलबंद, ओरिजिनल.

आधी बॅटरीची तार सोडली. इंजिन निवेपर्यंत थांबलो. बाबांची बोटं आता बारीक स्क्रूवर थरथरतात, म्हणून पाना माझ्या हातात आणि सूचना त्यांच्या. पंपाचे दोन्ही नट काढले. झाकण उघडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवरून स्क्रूड्रायव्हरनं एक आडवी रेघ ओढली, नाहीतर लावताना नळ्यांची तोंडं भलतीकडे जातात. आत पडदा मऊ पडून फुगला होता आणि मधल्या चकतीच्या कडेनं चिरला होता.

याचं कारण बाबांना कळत होतं आणि मलाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हा पडदा बनला तेव्हा ते नव्हतं, आणि इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं. त्यातून रबर पाकिटात बंद असलं तरी म्हातारं होतच असतं. पिन, गिअर, ड्रम हे जुन्या साठ्यातले मिळाले तर डोळे मिटून घ्यावेत, ते लोखंड आजही उत्तम आहे. पण पडदे, नळ्या, ब्रेकचे वॉशर हे आजच्या पेट्रोलला आणि आजच्या दिवसाला बनलेले नवेच हवेत. नाना पेठेत निम्म्या किमतीला होता तो पडदा घ्यायला हवा होता, हे मी तिथे रस्त्याच्या कडेला बसून मनाशी पक्कं केलं.

बाबांनी मागच्या सीटवरून डबा आणला. चिठ्ठी वाचली, "कडक, पण फाटलेला नाही," आणि सुतळी सोडली.

जुना पडदा बसवताना पंपाची दांडी दाबून धरून मगच स्क्रू आवळायचे, म्हणजे पडद्याला पूर्ण हलायला ढील राहते. बाबांनी दांडी दाबली, मी समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेले. गाडी चालू करण्याआधी त्यांनी ऑइलची कांडी काढून हुंगली. पडदा फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्येही उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग खाल्ली जातात. वास होता, पातळी वाढलेली नव्हती. हळूहळू आंबोली गाठली आणि तिथल्या एका गॅरेजच्या दारात ऑइल बदलून टाकलं. हिरण्यकेशीच्या उगमाला जायचं होतं, ते राहिलं. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी करत रात्री साडेदहाला कोल्हापूर.

सातवा दिवस : कोल्हापूर ते पुणे

सकाळी कोल्हापुरातच नवा पडदा मिळाला. दुकानदारानं विचारलं, नमुना? मी फाटलेला पुढे केला. इथेनॉलला चालेल का, हेही या वेळी विचारून घेतलं. गाडीत कडक पडदाच ठेवला, तो पुण्यापर्यंत चालला, आणि नवा घरी जाऊन निवांत बसवला.

रात्री बाबा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. चार जुने बुश रॉकेलमध्ये धुतले, पुसले, सुतळी ओवली. मी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या, कारण त्यांचं अक्षर आता हलतं. तारीख. मीटरचा आकडा, त्यापुढे कंसात "तिसरी फेरी", कारण तो दोनदा शून्यावर येऊन गेलाय. का काढला, या ओळीशी मी थांबले.

"लिही," बाबा म्हणाले. "भोक निपलसमोर नव्हतं. बसवताना तार घालून बघणे."

त्यांनी चिठ्ठी वाचून पाहिली, 'बघणे'खाली रेघ मारली आणि बुश डब्यात ठेवले.